घरच्या फोनवर येणारे नकोसे कॉल कसे कमी करायचे? डीएनडीपासून तक्रारीपर्यंत सगळं

दुपारी आई जरा आडवी होते आणि नेमका फोन वाजतो. "मॅडम, तुमचं लोन प्री-अप्रूव्ह झालंय." अर्ध्या तासाने प्लॉटवाले, संध्याकाळी क्रेडिट कार्डवाले. हे कॉल शंभर टक्के बंद होत नाहीत, हे आधीच सांगतो. पण एकदा तासभर बसून सगळ्यांच्या फोनमध्ये सेटिंग केली, तर बरेच कमी होतात. घरात फोनमधलं जास्त कळणारे तुम्हीच असाल, तर हे काम तुमच्याकडेच येणार!

आधी कॉलचे प्रकार ओळखा

प्रत्येक प्रकारावर उपाय वेगळा आहे, म्हणून हे आधी समजून घ्या.

• नोंदणी केलेल्या कंपन्यांचे जाहिरातीचे कॉल: हे १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून येतात. डीएनडी लावलं की हे थांबायला हवेत.
• साध्या दहा अंकी नंबरवरून येणारे जाहिरातीचे कॉल: हे नियमाबाहेरचे आहेत. इथे तक्रार करायची.
• फसवणुकीचे कॉल: भामटे कुठलीच यादी बघत नाहीत. इथे डीएनडीचा उपयोग नाही, सावधपणाच कामाला येतो.

बँका, विमा कंपन्या वगैरेंच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी वेगळी मालिका ठेवलेली आहे. त्यामुळे साध्या मोबाईल नंबरवरून कोणी "बँकेतून बोलतोय" म्हणालं, तर लगेच शंका घ्या.

पायरी १: डीएनडी लावा

१. ज्या नंबरवर डीएनडी हवंय, त्याच फोनवरून १९०९ ला एसएमएस पाठवा. मेसेजमध्ये इंग्रजीत 'स्टार्ट' लिहून एक जागा सोडा आणि शून्य टाका. शून्य म्हणजे सगळ्या जाहिराती बंद.
२. एसएमएस नको असेल तर १९०९ ला कॉल करा, किंवा ट्रायचं डीएनडी अ‍ॅप किंवा आपल्या सिम कंपनीचं अ‍ॅप वापरा.
३. सगळं बंद करायचं नसेल तर बँकिंग, घर-जमीन, शिक्षण, आरोग्य असे प्रकार निवडून तेवढेच बंद करता येतात.

ओटीपी आणि बँकेचे व्यवहाराचे मेसेज यामुळे बंद होत नाहीत. घरातल्या प्रत्येक नंबरसाठी नोंदणी वेगळी करावी लागते. लँडलाईन असेल तर तीही विसरू नका.

पायरी २: तरीही कॉल आला? तक्रार करा

नुसतं ब्लॉक केलं तर फक्त तुमची सुटका होते. तो नंबर दुसऱ्यांना त्रास देतच राहतो. तक्रार मात्र त्याच्या सिम कंपनीपर्यंत जाते.

• ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवरून किंवा १९०९ वर तक्रार नोंदवा. कॉल करणाऱ्याचा नंबर, तारीख आणि तो कशाबद्दल बोलत होता, एवढी माहिती पुरते.
• फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियम बदलले. आधी ३ दिवसांत तक्रार करावी लागायची, आता ७ दिवस मिळतात.
• साध्या नंबरवरून येणाऱ्या अशा कॉलची तक्रार करायला आता डीएनडी लावलेलं असण्याचीही अट नाही.
• १० दिवसांत एखाद्याविरुद्ध ५ तक्रारी आल्या, की कारवाईचा मार्ग मोकळा होतो. म्हणजे तुमची एक तक्रारही मोजली जाते.

पायरी ३: फोनमधली सेटिंग (इथे मी चुकलोय!)

आयफोनमध्ये सेव्ह नसलेल्या नंबरचे कॉल सायलेंट करायची सोय आहे. बाबांच्या फोनमध्ये मी ती मोठ्या उत्साहात चालू केली. चार दिवस घरात शांतता. पाचव्या दिवशी कळलं, की दवाखान्यातून बाबांच्या तपासणीची वेळ बदलल्याचा फोन आला होता आणि तो वाजलाच नाही. तपासणी आठवडाभर पुढे गेली. चूक दवाखान्याची नव्हती, माझीच होती.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी नंबर सेव्ह करा, मग सेटिंग चालू करा. डॉक्टर, लॅब, गॅस एजन्सी, शाळा, सोसायटीचा वॉचमन, शेजारी, सगळे. उपचार चालू असतील किंवा नोकरीच्या मुलाखतीची वाट बघत असाल, तर तेवढे दिवस ही सेटिंग बंदच ठेवा.

• अँड्रॉइड: गूगलच्या फोन अ‍ॅपमध्ये सेटिंग्जमधल्या 'कॉलर आयडी अँड स्पॅम' मध्ये जाऊन स्पॅम कॉल गाळायचा पर्याय चालू करा. ब्लॉकच्या यादीतल्या 'अननोन' पर्यायाचा अर्थ नंबर लपवून केलेला कॉल असा आहे. सेव्ह नसलेला नंबर त्यात येत नाही.
• दुपारच्या झोपेसाठी: डू नॉट डिस्टर्ब मोडमध्ये फक्त कॉन्टॅक्टना परवानगी द्या आणि 'रिपीट कॉलर्स' चालू ठेवा. अँड्रॉइडवर १५ मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर फोन वाजतो, त्यामुळे खरी गरज असलेला माणूस पोचतोच.
• व्हॉट्सअ‍ॅप: प्रायव्हसी, मग कॉल्समध्ये जाऊन अनोळखी कॉल सायलेंट करा. हे आई-बाबांच्या फोनमध्ये नक्की करा.

ट्रूकॉलर घ्यावं का?

लोकांनी केलेल्या रिपोर्टवरून ते कॉल ओळखतं, म्हणून उपयोगाचं आहे. पण अशी अ‍ॅप कॉल आणि कॉन्टॅक्टची परवानगी मागतात. ती द्यायची का, हे वाचून ठरवा. फोनमधली सोय आणि सिम कंपनीचा 'स्पॅम'चा इशारा पुरत असेल, तर वेगळ्या अ‍ॅपची गरज नाही.

नंबर बाहेर जातो कसा?

बहुतेक वेळा आपणच देतो. मॉलमधला लकी ड्रॉ, फ्लॅट बघायच्या साईटवरचा फॉर्म, लोनची 'पात्रता तपासा' लिंक. फॉर्मखालच्या बारीक अक्षरात कॉल करायची संमती असते आणि संमती दिली की त्या कंपनीचा कॉल डीएनडी असूनही येऊ शकतो. आधीपासून टिक केलेला चौकोन दिसला तर टिक काढा.

फसवणुकीचा कॉल असेल तर

घरातल्या मोठ्यांना एवढं पाठ करून द्या: ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, सांगितलेलं अ‍ॅप टाकायचं नाही, आणि 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कायद्यात नाही. समोरचा घाई करत असेल तर फोन ठेवायचा आणि आधी घरच्यांना विचारायचं.

• संशयास्पद कॉल आला, पण पैसे गेले नाहीत: संचार साथीवरच्या 'चक्षू' मध्ये कळवा.
• पैसे गेले: लगेच १९३० वर कॉल करा. इथे लाजून वेळ घालवू नका. जितका लवकर कॉल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

या रविवारी एकच करा: आईचा फोन घ्या, दहा महत्त्वाचे नंबर सेव्ह करा आणि १९०९ ला मेसेज टाका. बाकीच्या सेटिंग चहा पिता पिता होतील.