हजार अक्षरांची पोथी

चिनी भाषेला आपल्यासारखी बाराखडी नाही. तिथे एक अक्षर शिकले म्हणून दुसरे वाचता येत नाही; जुन्या पंडितांची निम्मी हयात अक्षरे घोकण्यात जाई. मग दिवसभर ओझी वाहणाऱ्याने ती शिकावी केव्हा?

हा प्रश्न १९१८ साली फ्रान्समध्ये बूलोनच्या छावणीत उभा राहिला. पहिल्या महायुद्धात इंग्रज व फ्रेंच सरकारांनी सुमारे १,४०,००० चिनी मजूर करारावर नेले होते. बहुतेक शांतुंग प्रांतातले शेतकरी. खंदक खणावेत, बोटी रिकाम्या कराव्यात. इंग्रजांकडच्या मजुराच्या मनगटावर नंबराची पितळी पट्टी ठोकून बसवलेली असे. त्यांच्यासाठी येल विद्यापीठातून नुकतेच बाहेर पडलेले येन यांगचू आले आणि रात्री मजुरांची घरची पत्रे लिहून देऊ लागले.

आम्हीही युनियनच्या कचेरीत पुष्कळांचे अर्ज लिहिले आहेत. लिहिणाऱ्याचा हात दुखतो खरा, पण लिहवून घेणाऱ्याची मान खाली जाते ते अधिक दुखते. येन यांनी एके दिवशी जाहीर केले, यापुढे पत्र लिहून देणार नाही, लिहायला शिकवीन. आधी हशा झाला; मग चाळीसेक जण पुढे आले. १९१९ मध्ये त्यांनी मजुरांसाठी साप्ताहिक काढले. येन सांगत की, एका मजुराने ते वाचून आपल्या शिलकीतले ३६५ फ्रँक पाठवले. एवढे स्वस्त पत्र बंद पडेल, ही त्याला धास्ती!

पुढे १९२२ साली चांगशा शहरात येन यांनी हीच मोहीम मोठ्या प्रमाणावर चालवली. रोज एक तास, चार महिने, हजार अक्षरे. पण हजार कोणती? इथेच खरी मेख होती. चेन हचिन या शिक्षणशास्त्रज्ञांनी बोलीभाषेतल्या लिखाणातली साडेपाच लाखांवर अक्षरे मोजली, तेव्हा वेगळी अशी सुमारे ४,२०० निघाली. पंडितांचा मान न बघता वापरातली आधी घ्यायची. आणि एकच पोथी सर्वांच्या माथी मारायची नाही: शहरवाल्यांची निराळी, शेतकऱ्यांची निराळी, शिपायांची निराळी. आमच्याकडे प्रौढ कामगारापुढे बालवाडीचे पुस्तक ठेवलेले आम्ही पाहिले आहे. तो दुसऱ्या दिवशी आला नाही, यात नवल काय?

त्याच वर्षी आनयुआनच्या कोळसाखाणीत ली लीसान यांनी मजुरांची रात्रशाळा काढली. हे गृहस्थही फ्रान्समधल्या कारखान्यात राबून आलेले. येन यांना शहाणा नागरिक घडवायचा होता. इथे वाचनाबरोबर मजुराच्या हक्काचाही पाठ असे. आमचा ओढा कुणाकडे, हे सांगायला नको. मात्र कामगाराला शिकवता येते हे येन यांनीच आधी दाखवले, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

मे महिन्यात रात्रशाळेच्या आधाराने मजुरांचा क्लब उभा राहिला. सप्टेंबरात संप झाला. थकलेला पगार ही त्यातली एक मागणी होती. पाचव्या दिवशी मालकांनी १३ कलमांच्या करारावर सही केली.