दगडावरचे दानपत्र

जमीन एका हातातून दुसऱ्या हातात गेली म्हणजे तिचा लेख करून ठेवावा, ही रीत कचेऱ्या आणि मुद्रांकाचे कागद यांच्याबरोबरच आली, अशी आपली सामान्य समजूत असते. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर वसाहती पसरत गेल्या, त्या काळची तेथील जिल्हा-दप्तरांतील खरेदीखते इतिहासकार आस्थेने वाचतात. कारण सत्ता बदलली तेव्हा भूमी कोणाची झाली, हे त्यांतून उमगते. तशीच खते आपल्या मावळातही आहेत. मात्र ती कागदावर नसून कातळावर आहेत, आणि त्यांचे वय अठराशे वर्षांहून अधिक आहे.

लोणावळ्याहून पुण्याकडे येऊ लागले की डाव्या हातास डोंगरात कार्ल्याचे लेणे लागते. एकवीरेच्या दर्शनास येणारे चैत्यगृहाचे भव्य स्तंभ पाहून थक्क होतात; दर्शनी भागावरील ब्राह्मी अक्षरांकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. त्यांतील एक प्राकृत लेख क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा आहे. वलूरक, म्हणजे कार्ले, येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक नावाचे गाव दिले. कोणत्याही पंथाचा भिक्षू असो, त्यास त्याचा लाभ मिळावा, असे त्यात म्हटले आहे.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. जे नाण्यांचे झाले तेच गावाचेही झाले. कार्ल्याच्याच दुसऱ्या लेखात मामाल येथील अमात्यास राजाज्ञा आहे, आणि तीत करजक गाव वलूरकच्या महासांघिक भिक्षूंना दिल्याचे नमूद आहे. हा लेख गौतमीपुत्राचा मानला जातो. मामाल म्हणजेच आपले मावळ! राजपुरुषांनी त्या भूमीत शिरू नये, तिला हात लावू नये, मिठासाठी ती खणू नये, अशा सवलतीही त्यात आहेत. दानाचे गाव तेच. पण नव्या राजाच्या आज्ञेवाचून जुन्या दानास बळ राहिले नव्हते, हे यावरून उघड होते.

लेख झाला म्हणजे भूमी पिकतेच असे नाही. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या 18 व्या वर्षीची आज्ञा आहे. पूर्वी उषवदाताकडे असलेले 200 निवर्तनांचे शेत तीत भिक्षूंना दिले आहे. पुढे 24 व्या वर्षी दुसरी आज्ञा निघाली. कखडी गावी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, अशी स्पष्ट कबुली तीत आहे. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीची 100 निवर्तने भूमी बदली दिली. शेत ओसाड का पडले, हे लेख सांगत नाही. पण कसणाऱ्या हातांवाचून दानपत्र व्यर्थ ठरते, एवढे तो सांगून जातो.

आणि हे हात कोणाचे? या लेखांत दाता आहे, घेणारा आहे, अधिकारी आहे, काही ठिकाणी वर्ष, पक्ष आणि दिवसही आहे. उषवदाताने नाशकास एका ब्राह्मणाकडून 4000 कार्षापणांस शेत विकत घेतले, तेथे विकणाऱ्याचे अश्वीभूती हे नावही जपले आहे. करजकच्या एकाही कुणब्याचे नाव मात्र नाही. गाव दिले गेले, ते त्यांच्यासकट. त्यांस कोणी विचारले असेल, अशी खूण लेखात उमटलेली नाही. अमेरिकेतील कित्येक खतांतही त्या भूमीवर पूर्वीपासून राहणाऱ्या मूळ रहिवाशांचा मागमूस नसतो.

मावळपट्ट्यातील शेतकऱ्याचा आवाज पुढे 1921 साली मुळशीच्या सत्याग्रहात उमटला. टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या भूमीसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे उभे राहिले. धरण झाले, गावे बुडाली. परंतु या वेळी ज्यांची भूमी गेली, त्यांचे म्हणणे इतिहासात नोंदले गेले. कार्ल्याची अक्षरे वाचताना म्हणूनच दोन गोष्टी पाहाव्यात: लेखात कोणाचे नाव आहे, आणि कोणाचे नाही.