आज्ञावलीतून यंत्ररचना : खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तुत लेखात उच्चस्तरीय आज्ञावलीचे पुनर्रचनाक्षम यंत्रमंडलात रूपांतर करण्याच्या तंत्राचा महाराष्ट्रातील एका उदाहरणाच्या आधारे विचार केला आहे. १९८५ मध्ये झायलिंक्स कंपनीने एक्ससी २०६४ ही एफपीजीए चिप बाजारात आणली. तीत अवघे ६४ तर्कखंड होते. मात्र त्यांची जोडणी चिप कारखान्याबाहेर पडल्यानंतरही बदलता येत असे. हिमरूच्या पारंपरिक मागावर नक्षी आधी जाळ्याच्या दोऱ्यांत बांधली जाते, मगच ती कापडावर उतरते. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकास म्हणूनच ही कल्पना अगदीच परकी वाटू नये.

प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जुन्नर तालुक्यात उभारलेली जीएमआरटी ही दुर्बीण २००२ पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांकडून ६० संकेत येतात आणि अँटेनांच्या ४३५ जोड्यांचा सहसंबंध काढावा लागतो. हे काम आरंभी खास घडविलेल्या चिपांवर होत असे. २०१० च्या सुमारास ते साध्या संगणकांवरील आज्ञावलीकडे आले. यंत्राकडून आज्ञावलीकडे झालेली ही वाटचाल सरळ रेषेत पुढे गेली नाही, हे लक्षणीय होय.

दुर्बिणीच्या नूतनीकरणात पट्टारुंदी सुमारे ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढविण्यात आली. एका संकेताचे सेकंदाला किमान ८० कोटी नमुने, म्हणजे ६० संकेतांचे ४,८०० कोटी! येथे एफपीजीएयुक्त ‘रोच’ फलक आले. त्यांच्यासाठी बर्कले येथील कॅस्पर गटाच्या साधनांत अभियंता सिम्युलिंकमध्ये ठोकळ्यांची आकृती रेखाटतो. साधन तिचे तर्कद्वारांत रूपांतर करून चिपवरील जागा व मार्ग ठरविते. सी भाषेतील छोटी आज्ञावली क्षणात संकलित होते. येथे तासन्‌तास लागू शकतात, आणि अखेरीस संकेत वेळेत पोहोचत नाही असे उत्तर येण्याचीही शक्यता असते. भाषा उच्चस्तरीय झाली तरी तारेची लांबी विसरता येत नाही.

म्हणूनच खोडदला कामाची विभागणी झाली. अंकीकरण आणि माहितीची पाकिटे बांधणे एफपीजीएकडे, तर फूरिये रूपांतर व सहसंबंध जीपीयूकडे सोपविले गेले. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निर्णय तडजोडीचा नसून प्रगल्भतेचा आहे.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र वेगळीच अडचण उभी राहते. जुनी चिप कपाटात ठेवता येते. एफपीजीएमध्ये भरलेली अंतिम फाईल जपली, पण मूळ आकृती आणि ती उघडणारी त्या काळची साधने हरवली, तर हाती उरते ती केवळ शून्य-एकांची रांग. हस्तलिखितांची सूची करणाऱ्या आपल्या संग्रहालयांनी अशा आकृतींची नोंद अद्याप आपल्या कक्षेत मानलेली दिसत नाही.