कुंद्याच्या मुलखातला शेवटचा घास



बेळगावचे नाव काढले की परगावच्या पाहुण्याला कुंदा आठवतो. त्याच्या जोडीला गोकाकचा करदंट, लग्नकार्यातले मांडे, निपाणीकडची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. खाण्याच्या बाबतीत आपला सीमाभाग कुणाला हार जाणार नाही. ‘शेवटचे जेवण कोणते हवे?’ असे इथे कुणी गमतीने विचारले, तर घराघरांतून वेगळे उत्तर येईल. पण याच मुलखाने हा प्रश्न गांभीर्यानेही विचारला आहे आणि त्याचे उत्तर देण्याची एक रीत शतकानुशतके सांभाळली आहे. तिला सल्लेखना म्हणतात. देह आणि कषाय, म्हणजे क्रोध, मान, माया, लोभ, हे दोन्ही विचारपूर्वक क्षीण करत नेणे, असा या शब्दाचा अर्थ आहे. आजच्या व्याख्यानात या रीतीचा इतिहास मांडायचा आहे. तो मांडताना तिच्यातला एक विसरला गेलेला भाग आपल्यापुढे ठेवायचा आहे.

इथला जैन वारसा जुना आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली बांधलेली कमलबस्ती बेळगावच्या किल्ल्यात आजही उभी आहे. सल्लेखनेची परंपरा त्याहूनही मागे जाते. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवरचे शिलालेख पाहिले, तर हे व्रत घेणाऱ्यांत मुनी, आर्यिका आणि गृहस्थ यांच्याबरोबर राजेही दिसतात. राष्ट्रकूट घराण्याचा शेवटचा राजा चौथा इंद्र याने ९८२ साली तिथेच अन्न सोडून देह ठेवला. होयसळ राणी शांतलादेवीचा अंतही ११३१ साली याच मार्गाने झाल्याचे सांगतात. अशा मृत्यूंच्या आठवणीसाठी उभारलेल्या शिळांना निषिधी म्हणतात.

गेल्या शतकात मात्र या परंपरेचे केंद्र आपल्या अगदी दारात आले. भोज, कोथळी, सदलगा आणि शेडबाळ ही बेळगाव जिल्ह्यातली चार गावे एका दिवसात गाडीने फिरून होतात. भोजचे आचार्य शांतिसागर, कोथळीचे आचार्य देशभूषण, शेडबाळचे आचार्य विद्यानंद आणि सदलग्याचे आचार्य विद्यासागर या चार नावांवाचून विसाव्या शतकातल्या दिगंबर जैन समाजाचा इतिहास लिहिताच येत नाही. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधीलाच स्थापन झाली. शेती करणारी, घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी, कष्टाळू अशी ही सारी माणसे. त्यांच्यातून हे साधू निघाले.

आता शेवटच्या जेवणाकडे वळू. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात सल्लेखनेची कारणे मोजकी आहेत: संकट, दुष्काळ, म्हातारपण आणि रोग. पण प्रत्येकाला एकच अट आहे. ते निष्प्रतीकार, म्हणजे कोणताही उपाय न उरलेले असले पाहिजे. पुढे क्रम सांगितला आहे. आधी घन आहार हळूहळू कमी करून दुधासारख्या स्निग्ध पेयावर यायचे. मग तेही सोडून कांजी, गरम पाणी अशा रुक्ष पेयावर यायचे. शेवटी शक्तीप्रमाणे उपवास. एकदम ताट ढकलून द्यायला इथे वाव नाही. जगण्याची आशा धरणे हा जसा या व्रतातला दोष, तसाच लवकर मरण यावे अशी इच्छा करणे हाही दोषच मानला आहे. या एका कलमामुळे सल्लेखना आणि आत्महत्या यांच्यात भिंत उभी राहते.

याहून महत्त्वाची गोष्ट ‘भगवती आराधना’ या ग्रंथात आहे. शिवार्यांचा हा प्राकृत ग्रंथ दोन हजारांहून अधिक गाथांचा आहे आणि त्याचा मुख्य विषयच समाधिमरण आहे. त्यात ‘प्रकाशन’ नावाचे एक प्रकरण येते. पाण्याखेरीज सारा आहार कायमचा सोडण्याआधी आचार्यांनी त्या साधकाला उत्तम उत्तम पदार्थ दाखवावेत, असे तिथे सांगितले आहे. कुणी ते पाहून म्हणतो, मी काठाला पोचलो, आता मला याचे काय? कुणी थोडे चाखून थांबतो. कुणी सगळे खातो आणि त्याला त्याची गोडी लागते. अशा साधकाला रागवायचे नाही, हाकलायचे नाही. त्याची समजूत घालत, एकेक पदार्थ कमी करत पुढे न्यायचे. असे का करायचे, याचे उत्तर ग्रंथकार देतात. न दाखवता त्याग करवला, तर एखाद्या पदार्थाची इच्छा मनात दबून राहील आणि नेमकी शेवटच्या घटकेला वर येईल.

हे वाचले की माझ्यातला वैद्य आणि माझ्यातला जैन दोघेही थबकतात. उपवासाचा एवढा महिमा गाणारा धर्म त्या टोकाला जाण्याआधी माणसाला विचारतो, ‘बाबा, तुला काय खावेसे वाटते?’ आणि हे विचारणारा एकटा नसतो. या ग्रंथात सेवेला अठ्ठेचाळीस निर्यापक मुनी सांगितले आहेत. कुणी उठवायला-बसवायला, कुणी आहार पाहायला, कुणी धर्मकथा सांगायला. एवढे माणूसबळ नसेल तर कमी चालतात, पण एकट्याने हे व्रत घ्यायचे नाही. विद्यासागरांचे गुरू आचार्य ज्ञानसागर यांनी १९७२ साली नसीराबादला आपले आचार्यपद शिष्याला दिले आणि मग त्याच शिष्याच्या देखरेखीखाली सल्लेखना घेतली. ‘हो’ म्हणण्याचा, आणि वेळ आली नसेल तर ‘नाही’ म्हणण्याचाही अधिकार असलेला दुसरा माणूस तिथे लागतोच.

आपल्या भागातले सर्वांत ठळक उदाहरण शांतिसागर महाराजांचे. दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या संगमावरच्या भोज गावचे हे सातगौडा पाटील. त्यांचा जन्म १८७२ सालचा. १९२० साली त्यांनी मुनिदीक्षा घेतली आणि १९२४ साली समडोळीला ते आचार्य झाले. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. ओंजळीत केस किंवा किडा दिसला तर अंतराय मानून त्या दिवसाचे जेवण तिथेच संपते. म्हणजे मुनीचे प्रत्येक जेवण तसे शेवटचेच असू शकते.

त्यांच्या आयुष्यात दोन मोठे अन्नत्याग झाले. पहिला १९४८ सालचा. मुंबई राज्याचा हरिजन मंदिरप्रवेश कायदा जैन मंदिरांना लागू करू नये, यासाठी त्यांनी धान्य सोडले. १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत, सुमारे तीन वर्षे, ते अन्नधान्यावाचून राहिले. त्या भूमिकेबद्दल आज आपल्यात मतभेद होतील, आणि ते व्हावेत. मला सांगायचे आहे ते इतकेच, की त्या त्यागाला एक मागणी जोडलेली होती. १९५५ सालच्या त्यागाला कोणतीही मागणी नव्हती. त्यांची दृष्टी गेली होती. वाटेवरचा जीव दिसत नाही, ओंजळीतला घास तपासता येत नाही, मग मुनीचे व्रत पाळायचे कसे? डोळ्यांवर उपाय नव्हता आणि व्रतात तडजोड त्यांना मान्य नव्हती. कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली. सुरुवातीला पाण्याची मोकळीक ठेवली होती, पुढे तेही सुटले. सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरला, त्यांचे शेवटचे प्रवचन ध्वनिमुद्रित झाले आणि ते मराठीत आहे. कर्नाटकातल्या गावाचा हा पाटील आपले अखेरचे शब्द मराठीत बोलला, याचे आपल्या घरांना अप्रूप वाटणे साहजिक आहे. १८ सप्टेंबर १९५५ रोजी, छत्तिसाव्या दिवशी, त्यांनी देह ठेवला.

त्यांच्यामागून विद्यानंद २०१९ साली दिल्लीत आणि विद्यासागर १८ फेब्रुवारी २०२४ रोजी डोंगरगढला याच मार्गाने गेले. ही वाट जैनांचीच आहे असेही नाही. सावरकरांनी १९६६ साली प्रायोपवेशन केले. विनोबांनी १९८२ साली पवनारला औषध आणि अन्न दोन्ही थांबवले.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्याच, असा निर्णय दिला. देशभर मूक मोर्चे निघाले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. या वादात दोन्हीकडून पुष्कळ बोलले गेले, पण ‘प्रकाशना’बद्दल फारसे कुणी बोलले नाही.

शेवटचे जेवण निवडण्याची दुसरीही एक रीत जगात आहे. अमेरिकेत फाशीच्या कैद्याला त्याची शेवटची इच्छा विचारून जेवण देत. टेक्सासमध्ये २०११ साली एका कैद्याने भलेमोठे जेवण मागवले आणि त्यातला घासही खाल्ला नाही. त्यानंतर तिथल्या तुरुंगांनी ही पद्धतच बंद केली. तिथे विचारणाऱ्याने मरण आधीच ठरवलेले असते. आपल्या ग्रंथातला विचारणारा मात्र साधकाने ‘अजून मला खायचे आहे’ म्हटले, तर थांबायला तयार असतो. दोन्ही प्रश्न वरवर सारखे दिसले, तरी हा फरक फार मोठा आहे.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण आपल्या घरांत आहे. म्हाताऱ्या माणसाने जेवण कमी केले की घरात दोन आवाज उठतात. एक म्हणतो, ‘दोन घास तरी भरवा.’ दुसरा हळूच म्हणतो, ‘आता व्रत देऊन टाकू, पुण्य लागेल.’ दोन्ही आवाजांत त्या माणसाचा आवाज नसतो. भूक जाण्याची कारणे बरीच असतात. कवळी सैल होते, तोंड येते, बद्धकोष्ठ असते, एखादे औषध बाधते, जोडीदार गेल्यावर मन खचते. या साऱ्यांना उपाय आहेत, तेव्हा ती निष्प्रतीकार स्थिती नव्हेच. मरण खरोखर जवळ आलेले असेल, तर भूक-तहान आपोआप मंदावते. त्या वेळी जबरदस्तीने भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊन उलट त्रास होतो. आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या कानात त्यागाचे शब्द उच्चारून त्याला व्रती ठरवणे कोणत्याही ग्रंथात बसत नाही. व्रत घेणाऱ्याने ते समजून, उमजून, आपल्या तोंडाने घ्यायचे असते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्या पूर्वजांनी निषिधी उभारल्या, त्यांना आपण हात जोडतो. पण त्या शिळांमागे विचारण्याची जी शिस्त होती, ती हात जोडून मिळत नाही, ती पाळावी लागते. घरातल्या थकलेल्या माणसाजवळ बसावे, त्याला काय हवे ते विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. तो ‘चमचाभर कुंदा’ म्हणाला, तर दिवस मावळण्याआधी तो आणून द्यावा. तो ‘आता पुरे’ म्हणाला, तर आधी वैद्याला आणि मग गुरूंना बोलवावे. दोघांनीही तेच सांगितले, तर ताट बाजूला ठेवावे आणि त्याचा हात हातात घेऊन बसावे.