चोवीस स्टड

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस इंजिनावर काय बोलणार, असं इथे काही जणांच्या मनात आलं असेल. ते रास्त आहे. माझं वंगणाशी नातं एका जुन्या स्कूटरपुरतं. पण मोडलेली वस्तू दुरुस्त करताना तिचा इतिहास पुसला जातो का, हा प्रश्न बरीच वर्षं माझ्या डोक्यात आहे, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला एका मोटारीच्या इंजिनात सापडलं. पोर्शे 911.

ही मोटार सप्टेंबर 1963 मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आली तेव्हा तिचं नाव 901 होतं. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून 911 झालं. इंजिन सहा सिलिंडरचं, आडवं, तीन एका बाजूला नि तीन दुसऱ्या. 1991 सीसी, 130 अश्वशक्ती. आणि पाणी नाही. रेडिएटर नाही, नळ्या नाहीत. एक मोठा पंखा हवा फेकतो आणि बरीचशी उष्णता तेल घेऊन जातं. आपल्या जुन्या स्कूटरच्या इंजिनावर पंखा नि पत्र्याचं आवरण असायचं ना, तत्त्व तेच. फोक्सवॅगनच्या बीटलपासून हा वारसा चालत आलेला, कारण त्या घराण्याचा मूळ पुरुष एकच, फर्डिनांड पोर्शे.

आता इंजिन खोलू या. सिलिंडर आणि त्यावरचं हेड क्रँककेसला, म्हणजे ज्या कवचात क्रँक फिरतो त्याला, लांब स्टडांनी आवळलेलं असतं. एका सिलिंडरला चार. सहा सिलिंडर, चोवीस स्टड. आजचं माझं व्याख्यान खरं तर या चोवीस स्टडांबद्दल आहे.

सुरुवातीला क्रँककेस अल्युमिनिअमचं होतं. 1968 च्या मॉडेलपासून ते मॅग्नेशिअमच्या मिश्रधातूचं झालं. कारण समजण्यासारखं आहे. 911 मध्ये इंजिन मागच्या आसाच्याही मागे लटकतं. मागचं वजन जास्त, वळणावर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाण्याची भीती. मॅग्नेशिअम हलकं, आणि दाबाखाली साच्यात ओतून भराभर कवचं काढता येतात. हिशेब बरोबर होता.

मग इंजिन वाढत गेलं. 2.0 लिटरचं 2.2, मग 2.4. सिलिंडरचा व्यास 80 मिलिमीटरवरून 84 आणि पुढे 90. 1973 च्या कॅरेरा आरएसला 2.7 लिटरचं इंजिन मिळालं, 1974 पासून ते साध्या 911 मध्येही आलं. कवच मात्र घराण्यातलं तेच. चार खणी घराला मजले चढवत जावं तसं. 90 मिलिमीटरचं भोक शक्य झालं ते निकासिलमुळे. अल्युमिनिअमच्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर निकेलचा पातळ थर, त्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण. झिजतच नाही म्हणा ना. पण झिजला तर बोअर वाढवून ओव्हरसाईझ पिस्टन घालण्याची आपल्या गॅरेजची युक्ती इथे चालत नाही. पुन्हा लेप द्यायचा, नाहीतर सिलिंडर बदलायचा.

इथे जरा थांबतो, कारण पुढचं सगळं इथून सुरू होतं. अल्युमिनिअम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. शंभर मिलिमीटर लांबी घ्या, तापमान शंभर अंशांनी वाढू द्या. अल्युमिनिअम पोलादापेक्षा साधारण मिलिमीटरचा दहावा भाग जास्त लांबतं. हा दहावा भाग जाणार कुठे? पोलादी स्टडला तो ताणतो, आणि स्टडचं मूळ मऊ मॅग्नेशिअममध्ये. इंजिन थंड झालं की सैल, तापलं की ताण. हजारो वेळा. एक दिवस आटे जातात आणि स्टड उपटून येतो. हेडमधून वायू गळू लागतो.

या भरात अमेरिकेचा कायदा आला. 1970 च्या क्लीन एअर अ‍ॅक्टने धुराचे निकष कडक केले. 1975 ते 1977 या वर्षांत अमेरिकेला पाठवलेल्या 911 गाड्यांवर थर्मल रिअ‍ॅक्टर आले, आधी कॅलिफोर्नियासाठी, मग सगळीकडे. न जळालेलं इंधन इंजिनाबाहेर, एक्झॉस्टमध्येच जाळायची ही भट्टी. हवा स्वच्छ होते, हे खरंच. लॉस एंजेलिसच्या धुक्यात राहणाऱ्यांची बाजू मला पूर्ण पटते. पण ही भट्टी हेडच्या अगदी खाली, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या पोटाशी. त्यात 1976 नि 77 ला अकरा पात्यांच्या पंख्याऐवजी पाच पात्यांचा, जास्त वेगाने फिरणारा पंखा. हलक्या कवचाचा निर्णय, मोठ्या सिलिंडरचा निर्णय, कायद्याला दिलेलं उत्तर: प्रत्येक एकटा शहाणपणाचा होता. बेरीज चोवीस स्टडांच्या मुळाशी झाली.

पोर्शेने काही स्टड डिलाव्हार नावाच्या, अल्युमिनिअमच्या जवळपास प्रसरण पावणाऱ्या पोलादाचे केले. पुढे त्यातलेच गंजून तुटू लागले, तो वेगळा ताप. 1978 च्या 911 एससीपासून क्रँककेस पुन्हा अल्युमिनिअमचं झालं. 1980 च्या अमेरिकी गाड्यांवर ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गाडीचं हवेवर थंड होणारं इंजिन त्यानंतर 1998 पर्यंत चाललं.

आता 2.7 चं झिजलेलं इंजिन आज कोणी बांधायला घेतं तेव्हा काय होतं पाहा. कवचाचे दोन भाग वेगळे होतात. वाकले असतील तर मशीनिंग, बेअरिंगची भोकं सरळ रेषेत आणणं. व्हॉल्व गाईड बहुतेकदा गेलेले असतात. स्टडांची चोवीसही भोकं मोठी करून त्यात पोलादी आट्यांच्या नळ्या बसवतात, म्हणजे पुन्हा उपटायला नको. अकरा पात्यांचा पंखा लावतात. जुन्या चेनटेन्शनरच्या जागी 1984 च्या गाडीतला, तेलाच्या दाबावर चालणारा बसवतात. आणि थर्मल रिअ‍ॅक्टर? ते कोणी परत लावत नाही. बहुतेकांनी ते कधीच काढून टाकलेत.

मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? आम्ही वर्षानुवर्षं हे वर्गात शिकवलं आणि गाडी तीच राहिली का, यावर वाद घातले. पण गॅरेजवाल्याला तो वाद सुचतही नाही. कवचावर ठोकलेला नंबर तोच आहे, त्याच्यासाठी विषय संपला. बाजारालाही तेवढंच लागतं, नंबर जुळले की किंमत चढते. मला खुपतं ते वेगळं. नंबर मूळचा आणि चूक मात्र दुरुस्त, अशी वस्तू 1976 ची साक्ष कशी देणार? ती सांगेल की त्या वर्षी इंजिन उत्तम होतं. ती खोटं बोलेल, आणि प्रामाणिकपणे बोलेल.

म्हणून चुका तशाच ठेवा असं मी म्हणत नाही. तसं केलं तर दोन उन्हाळ्यांत पुन्हा स्टड हातात. मीही नळ्याच बसवल्या असत्या. पण आपल्याकडे एक जुनी रीत आहे; मेकॅनिक बदललेले पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाला देतो. खरंच बदलले याचा पुरावा म्हणून आपण मागतो, आणि घरी नेऊन भंगारात देतो. माझ्या स्कूटरचा पिस्टन असाच गेला. आज हातात असता तर त्याच्या एका बाजूचे ओरखडे दाखवून मी तुम्हाला सांगितलं असतं की कुठल्या वर्षी तेलात भेसळ होती.

उपटून आलेला स्टड कोणी जपलेला दिसला तर जरूर हातात घेऊन पाहा. त्याच्या टोकाच्या आट्यांत मॅग्नेशिअमची राखाडी तार गुंडाळलेली असते.