चेंजलॉग (गेम मॉड)

चेंजलॉग अथवा बदलनोंद म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीत काय बदलले याची क्रमवार नोंद होय. संगणकीय खेळात बाहेरून घातलेल्या भरीला 'मॉड' म्हणतात. अनेकांनी मिळून घडवलेल्या मॉडमध्ये या नोंदीचे महत्त्व वाढते. एकाने केलेला बदल दुसऱ्यास ठाऊक नसतो आणि त्याचा परिणाम मात्र खेळाडूने दीर्घकाळ खेळून जतन केलेल्या खेळावर होतो.

आवश्यकता

चेक प्रजासत्ताकातील वुब सॉफ्टवेअरचा 'फॅक्टोरिओ' हा कारखाने उभारण्याचा खेळ याचे चांगले उदाहरण आहे. त्यातील प्रत्येक यंत्राला एक अंतर्गत नाव असते. मॉडच्या नव्या आवृत्तीत ते नाव बदलले, तर जतन केलेला खेळ उघडताना जुन्या नावाने उभारलेली सर्व यंत्रे नाहीशी होतात. जुन्या व नव्या नावांची सांगड घालणारी मायग्रेशन फाइल सोबत दिल्यास हे टळते. यंत्र कायमचेच काढून टाकले असेल, तर मात्र खेळाडूला आधी सांगण्याखेरीज उपाय नाही. 'किरकोळ सुधारणा' अशी नोंद येथे निरुपयोगीच नव्हे, तर दिशाभूल करणारी ठरते. कोणते यंत्र काढले, त्याऐवजी काय वापरावे आणि नवी आवृत्ती घेण्यापूर्वी काय करून ठेवावे, एवढे तरी तीत असावे.

स्वरूप

फॅक्टोरिओत चेंजलॉगची मांडणी काटेकोरपणे ठरलेली आहे. प्रत्येक आवृत्तीच्या आरंभी ९९ आडव्या रेघांची ओळ, त्याखाली आवृत्तिक्रमांक व तारीख, मग दोन मोकळ्या जागा सोडून वर्गाचे नाव आणि चार जागा सोडून एकेक नोंद असा क्रम असतो. टॅब चालत नाही. मांडणी चुकल्यास चेंजलॉग खेळात दिसत नाही; एक रेघ कमी पडली तरी हेच होते, हे नवख्यांना बराच काळ उमगत नाही.

कमिट संदेश व चेंजलॉग

गिटसारख्या प्रणालीत प्रत्येक बदलासोबत कमिट संदेश लिहिला जातो. त्या संदेशांची यादी जशीच्या तशी चेंजलॉग म्हणून देण्याचा मोह अनेक गटांना होतो. तथापि कमिट संदेश सहकाऱ्यासाठी असतो, चेंजलॉग खेळाडूसाठी. हा भेद जुनाच आहे: जीएनयू प्रकल्पात प्रोग्रामरसाठी 'चेंजलॉग' आणि वापरकर्त्यांना जाणवणाऱ्या बदलांसाठी 'न्यूज' अशा दोन स्वतंत्र फाइली ठेवण्याची पद्धत होती.

ऑलिव्हिए लाकान यांच्या 'कीप अ चेंजलॉग' या मार्गदर्शिकेने नोंदींचे सहा वर्ग रूढ केले: नवे, बदललेले, लवकरच काढले जाणारे, काढलेले, दुरुस्त केलेले व सुरक्षाविषयक. यांपैकी 'लवकरच काढले जाणारे' हा वर्ग मॉडकर्ते सहसा वगळतात. वस्तुतः पूर्वसूचना देण्याची जागा तीच. फाइलीच्या शिरोभागी 'अप्रकाशित' हा विभाग ठेवावा, असेही ही मार्गदर्शिका सांगते. सामूहिक कामात तो विशेष सोयीचा ठरतो. बदल करणाऱ्याने त्याच वेळी तेथे नोंद करावी आणि प्रकाशनाच्या दिवशी एकाने भाषा एकसारखी करून त्या विभागास आवृत्तिक्रमांक द्यावा. सर्व नोंदी शेवटी एकट्याने आठवून लिहिल्यास इतरांनी केलेले लहान पण घातक बदल सुटतात.

सदोष ठरून मागे घेतलेल्या आवृत्तीची नोंद पुसत नाहीत. तिच्यापुढे तसा शेरा मारतात, कारण ती आवृत्ती काही खेळाडूंनी आधीच उतरवून घेतलेली असते.