बँजोची पेटी आणि बँजोचा आवाज

अनंत चतुर्दशीला लालबाग-परळच्या रस्त्यावर उभे राहा, बँजो कानावर पडतोच. आपण त्याला आपला म्हणतो खरे, पण त्याचे मूळ घराणे जपानी. १९१२ साली नागोया शहरी गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' हे वाद्य घडवले : लाकडी पेटी, वर तारा आणि टाइपरायटरसारख्या कळा. आपल्याकडे त्याचेच बुलबुलतरंग झाले, बँजो झाले.

मूळ वाद्यात लाकूडच बोलते. तारेचा कंप घोडीवाटे वरच्या पातळ फळीत उतरतो आणि पोकळीत घुमतो. पण ताशाच्या कडकडाटात हा नाजूक आवाज कुठला टिकणार? म्हणून पिकप बसवला. पिकप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज उमटते. इथे मुख्य काम तारेचे. लाकडाचा वाटा थोडा.

इलेक्ट्रिक गिटारचेही तसेच. १९३२ साली विक्रीस आलेली रिकनबॅकरची गिटार तर चक्क ओतीव ॲल्युमिनियमची होती!

मग लाकूड कुचकामी का? छे! तारांचा सारा ताण तेच सोसते. ओलसर लाकूड वाकले की सूर ढळलाच. आणि आपले गणपती येतात भाद्रपदात, भर दमट हवेत. तेव्हा वाचकहो, मंडळाच्या वर्गणीतून वाद्य घेताना लाकडाच्या भारी नावाला पैसे मोजू नका. लाकूड नीट सुकलेले आहे ना, सांधे घट्ट आहेत ना, एवढे मात्र पारखून घ्या.